दुरुस्तीला नेलं होतं

कोर्टाच्या तळघरात, जिन्याच्या पोटात, मुद्देमालाची खोली होती. चोराकडून जप्त झालेली वस्तू खटल्याचा निकाल लागेपर्यंत, आणि पुढे अपील झालं तर त्याचाही निकाल लागेपर्यंत, तिथे राहायची. शिलाई मशीन, सायकली, पितळी नळ, सोन्याचा दात बसवलेली एक कवळी, असा मोठा संसार त्या खोलीत जमला होता. ज्यांच्या वस्तू होत्या ते घरी वाट बघत म्हातारे व्हायचे, आणि वस्तू इथे.

एकोणतीस वर्षं ही खोली एकाच कारकुनाने सांभाळली होती. आलेल्या प्रत्येक वस्तूला तो स्वतःच्या अक्षरातली पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधायचा आणि ती चिठ्ठी सुटली तर त्याला जेवण जायचं नाही. म्हणून सगळं कोर्ट त्याला चिठ्ठीकाका म्हणायचं. काकांना अडचण सांगून उपयोग नसायचा. वकिलाला वस्तू नुसती बघायची असली तरी तीन प्रतींत अर्ज लागायचा, तोही सात दिवस आधी. एकदा न्यायाधीशांचीच छत्री चुकून मुद्देमालात जमा झाली. काकांनी ती त्यांच्याकडून रीतसर अर्ज घेऊन परत केली. त्या दिवशी पाऊस होता आणि अर्ज येईपर्यंत साहेब कोर्टाच्या दारात भिजत उभे होते, असं शिपाई सांगायचा.

पुरावा म्हणून वस्तू कोर्टात न्यायची वेळ आली की काका ती स्वतः घेऊन वर जायचे आणि खटला संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहायचे. त्यामुळे चोरांच्या सबबी त्यांना पाठ झाल्या होत्या. कोणाला वस्तू रस्त्यात सापडलेली असायची, कोणाला मित्राने ठेवायला दिलेली असायची. पण काकांची लाडकी सबब एकच: "दुरुस्तीला नेलं होतं, साहेब." चोरलेला पंखा दुरुस्तीला नेलेला असायचा, चोरलेली सायकल दुरुस्तीला नेलेली असायची, एका बहाद्दराने तर चोरलेला पलंग दुरुस्तीला नेला होता. काका घरी येऊन बायकोला सांगायचे, "या गावात चोर एकही नाही बघ. सगळे मेकॅनिक."

त्या खोलीत पाच वर्षांपासून एक भिंतीवरचं घड्याळ होतं. लाकडी पेटीचं, लंबकाचं, ठोके देणारं. ते एका म्हातारीचं होतं आणि तिच्या जावयाने चोरलं होतं. जावई धंद्याने रंगारी. म्हातारी दवाखान्यात असताना घराची किल्ली त्याच्याकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला. म्हातारी बरी होऊन घरी आली तर भिंतीवर नुसता खिळा. तिने जावयाला विचारलं नाही, मुलीला विचारलं नाही, तडक पोलीसचौकी गाठली. घड्याळ रंगाऱ्याच्या गोदामात सापडलं, डब्यांच्या मागे, चादरीत गुंडाळलेलं. तो काय म्हणाला ते सांगायला नकोच. त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. साडेतीन महिने आत काढल्यावर अपिलात जामीन मिळाला, आणि अपील वरच्या कोर्टात जे पडलं ते पडलंच.

घड्याळ परत मिळायचं नाही, पण बघायला तर मिळेल, असं ठरवून म्हातारी दर दोन महिन्यांनी यायची. तिच्या काठीचा आवाज जिन्यावर आला की काका खुर्ची पुसून ठेवायचे. ती तीन प्रतींत अर्ज घेऊनच यायची, त्यामुळे काकांना तिच्याबद्दल आदर होता. बसायची, घड्याळाकडे बघायची.

"बंदच आहे का हो?"

"बंद आलं, बंदच आहे. आमच्याकडे वस्तू जशी येते तशी राहते."

"माझ्या लग्नात आलेलं. इतकी वर्षं एक ठोका चुकला नाही. त्या मेल्याने हलवलं आणि वाट लावली." मग उठता उठता एकदा ती म्हणाली, "माझे डोळे मिटायच्या आत एकदा वाजलं असतं तर बरं झालं असतं." हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पुढची बस किती वाजता आहे, असं विचारावं तसं म्हटलं. तेच काकांच्या मनात रुतून बसलं.

अर्ज करावा, असं काकांच्या मनात आलं. पण खोलीतल्या बल्बचा अर्ज तीन वर्षं वरच्या कचेरीत फिरत होता आणि शेवटी बल्ब त्यांनी पदरचाच आणला होता. घड्याळाच्या दुरुस्तीला मंजुरी यायची म्हणजे म्हातारीला आणखी एक आयुष्य काढावं लागलं असतं. काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक काम अर्ज न करता करायचं ठरवलं.

एका गुरुवारी कचेरी सुटल्यावर त्यांनी घड्याळाची चिठ्ठी सोडून शेल्फच्या खिळ्याला अडकवली, म्हणजे घड्याळाची जागा चुकायला नको. पेटीला चरा पडू नये म्हणून घरून आणलेल्या चादरीत ते गुंडाळलं आणि बाजारातल्या घड्याळजीकडे नेलं. लंबकाची घड्याळं दुरुस्त करणारा आता तो एकटाच उरला होता. कानाने जरा मंद होता, पण हात चांगला होता. त्याने घड्याळ उलटंपालटं केलं, "परवा या," म्हणाला आणि पावती फाडली. काका घरी गेले आणि त्या रात्री छान झोपले.

शुक्रवारी सकाळी कचेरीत तपासणी अधिकारी हजर. वर्षातून एकदा ते यायचे, कधी यायचे ते कोणाला सांगायचे नाहीत, आणि काकांच्या खोलीत त्यांना आजवर कधी काही सापडलं नव्हतं. बाकीच्या कचेऱ्यांत ते चहा घेऊन सह्या करायचे. काकांकडे मात्र खरोखर तपासायचे, कारण इथली तपासणी त्यांना आवडायची. रजिस्टर बघत बघत ते चौथ्या शेल्फापाशी थांबले.

"चिठ्ठी आहे. घड्याळ कुठे आहे?"

"दुरुस्तीला नेलंय," काका म्हणाले.

दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. काकांनी स्वतःच्या तोंडचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं.

दुपारपर्यंत पोलीस घड्याळजीकडे जाऊन आले. घड्याळ मिळालं, चालू स्थितीत, टिकटिक करत. सोबत पावती मिळाली. पावतीवर 'मालक' या शब्दापुढे काकांचं नाव लिहिलेलं होतं.

*

"अहो, घरातला मिक्सर दीड वर्ष बंद आहे," बायको म्हणाली. "रोज सांगते, दुरुस्तीला न्या. तो नाही नेलात. लोकांचं घड्याळ नेलंत!"

काका निलंबित होऊन घरी बसले होते. त्यांच्या धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. "दादा, मला तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," असं तो म्हणाला होता आणि मग, "पण खरं सांग, फक्त घड्याळच ना?" असंही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे," काका बायकोला म्हणाले.

"संन्यासी चादरीत गुंडाळून काही नेत नाहीत," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही वकील बघा आधी. आणि चांगला बघा. चोरांना सोडवणारा बघा."

चोरांना सोडवणारी वकील गावात एकच होती. वीस वर्षं चोऱ्या, घरफोड्या, अफरातफरीचे खटले चालवून तिचा घसा बसला होता आणि नजर पक्की झाली होती. काकांचं आणि वकीलबाईंचं कधीच पटलं नव्हतं. "चोरांच्या जिवावर जगणारी बाई," असं काका म्हणायचे. स्वतःचा पगारही चोर चोऱ्या करतात म्हणूनच चालू आहे, हे त्यांच्या लक्षात कधी आलं नव्हतं.

वकीलबाईंनी त्यांना दारात बघितलं आणि म्हणाल्या, "अर्ज आणलाय का? तीन प्रतींत?"

काका दारातूनच परत वळले.

"बसा हो काका. गंमत केली. एवढ्या वर्षांत एकदा तरी संधी मिळायला नको?" त्यांनी आरोपाचा कागद वाचला आणि चष्मा काढला. "गंमत संपली. हे बघा, रस्त्यावरच्या चोराने घड्याळ उचललं तर ती साधी चोरी. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पहिलाच गुन्हा असला तर बऱ्याचदा दंडावर भागतं. नोकराने मालकाच्या घरातून उचललं तर सात वर्षांपर्यंत. आणि सरकारी नोकराने विश्वासाने ताब्यात दिलेली वस्तू लाटली, तर तो अपहार. दहा वर्षं. जास्तीत जास्त जन्मठेप."

"जन्मठेप? घड्याळाला?"

"घड्याळाला नाही, विश्वासाला. तुमच्याइतका विश्वास कोर्टात दुसऱ्या कोणावर नव्हता, म्हणून तुमचा गुन्हा सगळ्यात मोठा. कोर्टातल्या कॅन्टीनवाल्याने नेलं असतं तर स्वस्तात सुटला असता."

"पण मी चोरलंच नाही. दुरुस्तीला..." काका थांबले. पुढचा शब्द तोंडातून निघेना.

"बोला, बोला. माझ्या खुर्चीसमोर बसून हे वाक्य किती जणांनी म्हटलंय, माहीत आहे? पावती असलेले तुम्ही पहिलेच. आणि नेमकी ती पावतीच तुम्हाला बुडवतेय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वस्तू हलवली की नाही, हा खटल्याचा अर्धाच भाग. तिथे तर काकांनी स्वतः कबुली दिलेली. उरलेला अर्धा भाग म्हणजे हलवताना मनात काय होतं. अप्रामाणिक हेतू नसेल तर चोरीही नाही आणि अपहारही नाही.

"मनातलं मी कसं दाखवू?"

"तीच पंचाईत आहे. मनाचा पंचनामा होत नाही. म्हणून कोर्ट बाहेरचं बघतं. परवानगी घेतली का? नाही. वरिष्ठांना सांगितलं का? नाही. नोंद केली का? नाही. नेलं कसं? चादरीत गुंडाळून. मालक कोण? तुम्ही."

काका हिशेबी माणूस. त्यांनी मनातल्या मनात हा सगळा मुद्देमाल एका शेल्फवर लावून बघितला, आणि त्यांनाही तो चोरच वाटला.

आठवड्याभराने सरकारी वकिलाचा निरोप आला. साध्या चोरीचा गुन्हा कबूल करा, वय बघून दंडावर सोडायला आमची हरकत नाही. फक्त निवृत्तीवेतन जाईल.

"माझ्या जागी असता तर तुम्ही काय केलं असतं?" काकांनी वकीलबाईंना विचारलं.

"माझ्या दहातल्या आठ अशिलांना मी कबूल व्हायला सांगते."

"आणि ते खरंच चोर असतात ना?"

"असतात," वकीलबाई म्हणाल्या. आणि मग, "बहुतेक," म्हणाल्या.

काकांनी नकार कळवला. तत्त्व वगैरे त्यांच्या डोक्यात फारसं नव्हतं. केलेल्या नोंदीत खाडाखोड करायची नाही, ही जुनी सवय. 'चोरी केली' अशी खोटी नोंद आपल्या हातून व्हावी, हे त्यांना पोटदुखीसारखं वाटत होतं.

*

खटला उभा राहायला अकरा महिने लागले. मधल्या काळात काकांची निवृत्तीची तारीख येऊन गेली. ना निरोप समारंभ, ना काही. मुद्देमालाच्या खोलीत एक नवी कारकून बाई आली होती. ती अधूनमधून घाबरत घाबरत फोन करायची, "काका, तुमच्या जागी आलेय मी. सव्वीसच्या पुढचे नंबर कुठून सुरू होतात हो?" काका पलीकडून शेल्फ, कप्पा, वस्तूचा रंग, सगळं सांगायचे. निलंबित आरोपीला असं विचारावं की नाही, याबद्दल नियम नव्हता. काकांनी बघून ठेवलं होतं.

साक्षीच्या दिवशी ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. भिंतीला टेकायची सवय, पण पिंजऱ्याला मागे भिंत नव्हती. नवी बाई घड्याळ घेऊन आली. घड्याळाला आता दोन चिठ्ठ्या होत्या, एक रंगाऱ्याच्या खटल्याची आणि एक काकांच्या. दुसऱ्या चिठ्ठीची गाठ ढिली आहे, हे काकांना पिंजऱ्यातूनही दिसलं.

सरकारी वकिलाने घड्याळजीला उभं केलं आणि पावती दाखवली. "हे अक्षर तुमचं? मालकाच्या जागी आरोपीचं नाव आहे, बरोबर?"

"बरोबर," घड्याळजी मोठ्याने म्हणाला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.

"आणि आरोपीने घड्याळ चादरीत गुंडाळून आणलं होतं?"

"हो. सगळेच आणतात. काचेची वस्तू आहे."

सरकारी वकील बसले. वकीलबाई उठल्या.

"पावतीवर नाव कोणी सांगितलं?"

"त्यांनी नाव नाही सांगितलं. त्यांनी सांगितलं मुद्देमाल क्रमांक अमुक, खटला क्रमांक तमुक, अपील प्रलंबित, अजून काय काय. माझ्या पावतीवर मालकासाठी एवढीशी रेघ आहे." त्याने दोन बोटांनी रेघ दाखवली. "म्हटलं, ते राहू द्या, तुमचं नाव सांगा. तेवढंच मावलं."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. वकीलबाईंना इथेच थांबता आलं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत नाही तो साक्षीदाराला विचारू नये, हे त्या स्वतः नव्या वकिलांना शिकवायच्या. पण साक्ष रंगात आली होती आणि त्यांना आणखी एक टाळी हवी होती.

"एका दिवसात दुरुस्त कसं केलंत? इतक्या जुन्या घड्याळाचे भाग मिळतात का?"

"मिळत नाहीत. स्प्रिंग तुटली होती. पण मागवलेली पडून होती ना माझ्याकडे."

"कोणासाठी मागवलेली?"

"याच घड्याळासाठी." घड्याळजीला प्रश्न विचित्र वाटला. "हे आधी एकदा आलं होतं माझ्याकडे. सहा वर्षं झाली असतील. मी म्हटलं, स्प्रिंग मागवावी लागेल, आठवड्याने या. माणूस घड्याळ परत घेऊन गेला. स्प्रिंग आली, माणूस आलाच नाही."

वकीलबाईंच्या हातातला कागद खाली आला.

"कोण माणूस?"

"नाव नाही माहीत. उंच होता. नखांत रंग होता, निळा. सासूचं घड्याळ आहे म्हणाला, किल्ली देताना जास्त फिरवली गेली आणि आत काहीतरी कट् झालं. ती दवाखान्यातून यायच्या आत चालू करून द्या म्हणाला. फार घाबरला होता."

सरकारी वकील ताडकन उठले. याचा या खटल्याशी संबंध काय, असं ते विचारत होते आणि तो प्रश्न बरोबरही होता. न्यायाधीशांनी हात वर केला. "असं काही झालं याला पुरावा आहे का? पावती?"

"आगाऊ पैसे घेतले नाहीत की पावती नाही. पण घड्याळ उघडलं की मी मागच्या पत्र्यावर आतून तारीख कोरतो. माझ्या गुरूने लावलेली सवय."

घड्याळ टेबलावर आडवं ठेवलं. घड्याळजीने खिशातून पेचकस काढला, मागचे चार स्क्रू सोडवले आणि पत्रा न्यायाधीशांपुढे धरला. आत सुईने कोरल्यासारख्या दोन तारखा होत्या. एक गेल्या वर्षीची. दुसरी सहा वर्षांपूर्वीची. रंगाऱ्याची फाईल मागवली गेली. त्या तारखेनंतर तिसऱ्या दिवशी त्याला अटक झाली होती.

"इतकी वर्षं तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कोणी विचारलं नाही, साहेब. आता विचारलंत."

*

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाई मुद्देमालाच्या खोलीबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. काळा कोट मांडीवर घेतला होता. काका शेजारी उभे राहिले.

"बाई, आपलं तर चांगलंच झालं ना?"

"तुमचं झालं. तो रंगारी माझाच अशील होता, काका. त्याने मला सांगितलं होतं. बाजारात एक घड्याळजी आहे, कानाने मंद आहे, त्याला विचारा. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं."

"मग?"

"बाजार इथून दहा मिनिटांवर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "मी गेले नाही. म्हटलं, हे सगळेच दुरुस्तीला नेतात."

काकाही पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी तर हसलो होतो. तो पिंजऱ्यातून सांगत होता आणि मी घड्याळ धरून उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलंही होतं. बंद घड्याळ माझ्या हातातच होतं, पण ते बंद का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. चिठ्ठीवर 'बंद' असं व्यवस्थित लिहिलं मात्र."

निकाल आठवड्याने लागला. आरोपीने नियम मोडला, चोरी केली नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि कायद्याला तो कधीकधी दिसतो, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. काका निर्दोष सुटले. खात्याने मात्र आपली चौकशी वेगळी केली आणि 'मुद्देमाल विनापरवाना चालू स्थितीत आणल्याबद्दल' त्यांच्या सेवापुस्तकात ठपका ठेवला. निवृत्तीवेतन सुरू झालं. धाकट्या भावाचा फोन आला, मला खात्री होतीच, म्हणून.

रंगाऱ्याचं अपील सहा वर्षं झोपलं होतं, ते महिन्याभरात जागं झालं. वकीलबाईंनी ते फुकट चालवलं. शिक्षा रद्द झाली. त्याने भोगलेले साडेतीन महिने कुठे जमा करायचे याची तरतूद मात्र कायद्यात सापडली नाही.

घड्याळ द्यायच्या दिवशी नव्या बाईचा फोन आला. "काका, तुम्ही या ना. ते दोघंही येणार आहेत. मला भीती वाटते."

काका गेले. खुर्ची पुसून ठेवली. आधी म्हातारी आली, काठी टेकत. मग रंगारी आला आणि दारातच उभा राहिला. साठीला आल्यासारखा दिसत होता, वय पंचेचाळीस असेल. सहा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. मुलगी मध्ये सापडली होती. आईकडे गेली की नवऱ्याचं नाव काढायचं नाही, घरी आली की आईचं.

नव्या बाईने सही घेतली. घड्याळजीने सांगितल्याप्रमाणे काकांनी बेताने किल्ली दिली, लंबक हलवला, आणि घड्याळ चालू झालं. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग जावयाकडे न बघता म्हणाली,

"तुटलं होतं तर तसं सांगायचं होतं ना मला."

"तुम्हाला?" रंगारी म्हणाला. "त्यापेक्षा तुरुंग बरा."

नवी बाई रजिस्टरात तोंड खुपसून बसली. म्हातारीचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला, आणि मग तिच्या तोंडून एक असा आवाज निघाला की हसू की रडू ते काकांना कळेना. "एवढी वाईट होते का रे मी?" तिने विचारलं. रंगाऱ्याने घड्याळ उचललं, काखेत धरलं आणि दुसरा हात तिला पुढे केला. तिने तो धरला नाही, काठीच टेकली. पण जिना चढताना ती त्याच्या पुढे गेली नाही, बरोबरीने चालली.

काकांनाही त्याला काहीतरी सांगायचं होतं. हसलो होतो ते. शब्द जुळवेपर्यंत तो वरच्या पायरीवर पोचला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काका वकीलबाईंच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, "तुमच्या जुन्या फायली बघायच्या आहेत. शिक्षा झालेल्यांच्या. कोणी कोणाचं नाव सांगितलं आणि त्याला कोणी विचारायला गेलं नाही, असे."

"पगार देणार नाही मी," वकीलबाई म्हणाल्या.

"मागितलाय कोणी?"

"आणि एक ध्यानात ठेवा. बहुतेक सगळे खोटंच बोलत होते."

हे मात्र अगदी खरं निघालं. काका रोज दुपारी येतात, फाईल वाचतात आणि छत्री घेऊन पायी निघतात. आजवर चौदा फायली झाल्या. तेरा जण सरळसरळ खोटं बोलत होते. एकाचा साक्षीदार परगावी गेला, म्हणून ती फाईल बाजूला ठेवली आहे. काल ते एका शिडीच्या चौकशीला गेले होते. आरोपीने म्हटलं होतं की शेजारणीने ती आपल्याला वापरायला दिली. शेजारीण अजून त्याच घरात होती. तिने दार अर्धंच उघडलं.

"मी दिली होती? मी?" ती म्हणाली. "रात्रीतून उचलून नेली त्या भामट्याने! तुम्ही कोर्टातून आलात ना? मग माझी शिडी कुठे आहे? नऊ वर्षं झाली!"

काकांनी वही उघडली, तिचं नाव आणि शिडीचं वर्णन लिहून घेतलं, आणि मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज तीन नव्हे, एकाच प्रतीत कसा करायचा, ते तिला तिथेच दारात उभं राहून समजावून सांगितलं.